कोबी, माठ आणि चार लिंबं : स्पेनमधल्या बरोक स्थिरचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वर्गात टेबलावर तांब्या, दोन कांदे आणि एक वांगं मांडलं की कोणीतरी विचारतंच, "बाई, हेच का काढायचं?" या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मला सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकारांकडे सापडलं. त्या चित्रांविषयी मुलं, पालक आणि हौशी चित्रकार जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्टिल लाइफ : हे सगळं एकच का?

साधारण एकच. शासकीय रेखाकला परीक्षांमुळे 'वस्तुचित्र' आणि 'स्थिरचित्र' हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले. डच भाषेत 'स्टिललेव्हन' हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्याला रुळला आणि इंग्रजीतला शब्द त्यावरूनच आला. फ्रेंच लोक 'नात्यूर मोर्त' म्हणतात, म्हणजे मृत निसर्ग. हा शब्द मला कधीच पटला नाही. या चित्रांतला कोबी मेलेला वाटत नाही, तो वाट पाहत असल्यासारखा वाटतो. आपलं 'स्थिरचित्र' जास्त खरं आहे.

'बोदेगोन' म्हणजे काय?

स्पॅनिशमध्ये 'बोदेगा' म्हणजे कोठार किंवा तळघर, जिथे दारू आणि धान्य ठेवतात. त्यावरून 'बोदेगोन' म्हणजे साधी, स्वस्त खाणावळ. ज्याच्या घरी रांधणारं कोणी नाही त्याने जाऊन जेवावं अशी जागा. पुढे स्वयंपाकघर, खाणंपिणं, भांडीकुंडी आणि ती वापरणारी सामान्य माणसं ज्या चित्रांत असतात त्यांनाही हाच शब्द लागला. आज स्पॅनिशमध्ये कुठल्याही स्थिरचित्राला बोदेगोन म्हणतात. सतराव्या शतकात मात्र या शब्दाला खाणावळीचा वास होता आणि तो सगळ्यांना आवडत नव्हता.

बरोक म्हटलं की सोन्याने मढवलेल्या वेदी आठवतात. एक कोबी बरोक कसा?

'बरोक' हा शब्द बहुतेकांच्या मते पोर्तुगीज 'बारोको'वरून आला, म्हणजे वेडावाकडा मोती. शैलीला हे नाव नंतरच्या लोकांनी दिलं आणि तेही नावं ठेवण्यासाठी. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या सोनेरी वेदी पाहिल्यावर मनात जे चित्र उमटतं, ती बरोकची एक बाजू आहे.

दुसरी बाजू प्रकाशाची. काळोखातून एकाच दिशेने येणारा, एकाच वस्तूवर पडणारा आणि तिला थेट आपल्या अंगावर आणणारा प्रकाश. प्रेक्षकाला चित्राबाहेर उभं राहू द्यायचं नाही, हा बरोकचा हट्ट. देवदूतांनी भरलेल्या छतात तो दिसतो तसाच खिडकीच्या कडेवरून पुढे आलेल्या काकडीतही दिसतो.

सुरुवात कुठून करू? एकच चित्र पाहायचं असेल तर?

हुआन सांचेस कोतान या चित्रकाराचं, साधारण १६०२ चं एक चित्र अमेरिकेत सॅन डिएगोच्या कला संग्रहालयात आहे. एक क्विन्स, एक कोबी, एक खरबूज आणि एक काकडी, एवढंच त्यात आहे. (क्विन्स म्हणजे ज्याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात ते फळ.) चित्र जेमतेम ६९ बाय ८५ सेंटिमीटरचं, म्हणजे घरातल्या भिंतीवर सहज मावेल एवढं.

दगडी चौकट. डावीकडे वरून दोरीला टांगलेलं पिवळं क्विन्स. त्याच्या शेजारी, थोडा खाली, दुसऱ्या दोरीला कोबी. मग कठड्यावर कापलेलं खरबूज, त्याची एक फोड आणि शेवटी काकडी. ही फोड आणि काकडी कठड्याच्या बाहेर आली आहेत आणि त्यांची सावली दगडाच्या पुढच्या बाजूवर पडली आहे. वस्तूंवरून बोट फिरवलं तर डावीकडून उजवीकडे उतरणारी एक वळणदार रेषा मिळते, पायऱ्या उतरल्यासारखी. त्या रेषेच्या वर, उजवीकडे, काहीही नाही. चित्राचा मोठा भाग निव्वळ काळा आहे.

वर्गात हे चित्र पडद्यावर लावलं की पहिली काही सेकंदं मुलं हसतात. टांगलेला कोबी पाहून हसू येणारच. पण चित्र तसंच ठेवलं, बोलले नाही, की मिनिटाभरात वर्ग शांत होतो. मग प्रश्न येतात. दोरी वर कुठे बांधली आहे? (दिसत नाही.) काकडी पडेल का? (पडत नाही.) बाहेरचं पान सुकलंय का? प्रत्येक मूल काहीतरी नवं शोधून काढतं. चार भाज्यांकडे कोणी इतका वेळ पाहू शकतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

भाज्या दोरीला का टांगल्या आहेत?

कोतान जिथे काम करायचा त्या टोलेडो शहराच्या बाजूला थंड कोठीत फळं, भाज्या आणि शिकार टांगून ठेवायची पद्धत होती. हवा लागते, खालून डाग पडत नाहीत, उंदीर पोहोचत नाहीत. ज्यांनी आजीच्या घरी शिंकं पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या काळच्या प्रेक्षकाला टांगलेला कोबी विचित्र वाटला नसेल, पण इतक्या नेमक्या अंतरावर आणि इतक्या निवांतपणे टांगलेला कोबी त्यानेही कोठीत पाहिला नसणार.

कोतानने बहुतेक स्थिरचित्रांत हीच चौकट पुन्हा वापरली आहे. आपल्याकडे एखादा गवई एकच राग वर्षानुवर्षं मांडतो, तसं काहीसं. चौकट ठरली की लक्ष दोन वस्तूंमधल्या अंतराकडे जातं.

पण मागे इतका काळोख का?

एक उत्तर साधं आहे. भर उन्हात अंगणातून कोठीत डोकावलं तर आत काळंच दिसतं. दुसरं उत्तर चित्रकाराच्या सोयीचं आहे. गडद पार्श्वभूमीवर फिकट वस्तूची कड आपोआप उठून दिसते आणि रंग उजळ वाटतात. तोच लिंबाचा पिवळा पांढऱ्या कागदावर मळका आणि काळ्यावर झळझळीत दिसतो. पाच मिनिटांत घरी करून पाहता येईल.

इटलीत कॅराव्हॅजिओ हा चित्रकारही त्याच सुमारास काळोखाशी झुंजत होता. त्याची फळांची टोपली मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात आहे. किडीने पोखरलेलं सफरचंद, सुकून मुरडलेली पानं. गंमत अशी की तिथली पार्श्वभूमी काळी नाही, उजळ पिवळसर आहे.

कोतान पुढे मठात गेला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. १५६० साली टोलेडोजवळच्या ऑर्गाथ गावी जन्मलेला हा चित्रकार टोलेडोत चांगला नाव कमावून होता. १६०३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने सगळं सोडलं आणि कार्थुशियन पंथात साधा बंधू म्हणून दाखल झाला. हा पंथ मौन पाळणारा आणि मांस न खाणारा. १६२७ मध्ये ग्रनाडाच्या मठात त्याचा मृत्यू झाला. मठात त्याने धार्मिक चित्रं पुष्कळ काढली. स्थिरचित्रं मात्र आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ग्रनाडाच्या संग्रहालयात त्यातलं एक आहे. कार्डून नावाच्या भाजीचा पांढरट, काटेरी, वाकलेला दांडा आणि चार गाजरं. सॅन डिएगोच्या चित्रापेक्षाही ते उघडं, रिकामं आहे.

या चरित्रामुळे अनेकजण भाज्यांतही वैराग्य वाचतात. मला त्यात घाई वाटते, कारण सॅन डिएगोचा कोबी मठाच्या आधीचा आहे. पण कांद्या-मुळ्यात देव पाहणाऱ्या संतांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला, भाजीकडे असं पाहणाऱ्याने मठाची वाट धरली याचं फारसं आश्चर्यही वाटणार नाही.

वेलास्केसची म्हातारी अंडी तळते आहे की उकडते आहे?

हा प्रश्न अभ्यासकही विचारतात! सेव्हिलचा चित्रकार वेलास्केस याचं 'अंडी तळणारी म्हातारी' हे चित्र १६१८ चं आहे आणि एडिंबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. मातीच्या शेगडीवर मातीचं पसरट भांडं, त्यात द्रव आणि त्यात दोन अंडी. पांढरं नुकतं धरू लागलंय, कडांनी दुधाळ झालंय, मध्ये अजून पारदर्शक आहे. तेल असेल तर तळणं, पाणी असेल तर उकडणं. नावात 'तळणारी' आहे, आणि मी तेच मानते.

पण खरा चमत्कार वेगळाच आहे. द्रवाचं घन होतानाचा तो क्षण स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने रोज पाहिलेला असतो, आणि चित्रात तो याआधी क्वचितच कोणी पकडला असेल. काढणारा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी सेव्हिलच्या चित्रकार संघाची परीक्षा देऊन तो मोकळा झाला होता.

आता उजवीकडचं टेबल पाहा. पितळी खलबत्ता, तांबडा कांदा, पांढरी चकचकीत सुरई, वाडग्यावर आडवी ठेवलेली सुरी. सुरीची सावली वाडग्याच्या पोटातून वाकून जाते. ती नुसती वाकडी काढलेली नाही, वाडग्याची खोली त्या सावलीनेच कळते. वाडगं किती खोल आहे हे बोटाने न चाचपता समजावं, यासाठी एवढी एक रेघ पुरली.

वर्गात मी या चित्रावरून एक गोष्ट नेहमी शिकवते, कारण ती पुस्तकांत क्वचित सापडते. धातूवरची चमक धातूचाच रंग घेते, म्हणून पितळी खलबत्त्यावरचा उजेड पिवळसर. झिलईदार मातीच्या भांड्यावरची चमक मात्र पांढरी, भांडं कुठल्याही रंगाचं असलं तरी. आणि बिनझिलईच्या मातीला चमकच नाही, फक्त उजेडाकडून सावलीकडे जाणारी मऊ उतरण. एवढ्या तीन नियमांवर डोळा बसला की पितळ, चिनी माती आणि माठ वेगवेगळे ओळखू येतात. मुलं पितळेवर ट्यूबमधला पांढरा ठिपका देतात आणि तांब्या प्लास्टिकचा दिसायला लागतो. वेलास्केसने ती चूक एकदाही केलेली नाही.

त्याच्या चित्रात मिरची आहे हे खरं का?

हो, पण दुसऱ्या चित्रात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६१८ चं 'मार्था आणि मेरीच्या घरी ख्रिस्त' आहे. पुढे एक तरुण मुलगी खलबत्त्यात काहीतरी कुटते आहे. टेबलावर चार मासे, दोन अंडी, लसूण आणि एक सुकी लाल मिरची. मागच्या कोपऱ्यात, खिडकीतून किंवा आरशातून दिसावा तसा, ख्रिस्त छोटा दिसतो.

मिरची तेव्हा स्पेनलाही जुनी नव्हती. कोलंबसाच्या सफरींनंतर ती अमेरिकेतून आली. आपल्याकडे तिला पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलं, गोव्याच्या बंदरातून. म्हणजे सेव्हिलच्या त्या स्वयंपाकघरात आणि कोकणातल्या पाट्यावर मिरची साधारण शंभर वर्षांच्या आत पोहोचली. त्या टेबलापाशी मला म्हणूनच परकं वाटत नाही.

मुलीचा चेहरा रुसलेला, कष्टी आहे. बायबलच्या गोष्टीतली मार्थाही कामाने वैतागलेलीच असते. स्पेनमधल्या आव्हिलाची संत तेरेसा आपल्या जोगिणींना सांगायची की स्वयंपाकघरातल्या मडक्यांमध्येही देव वावरतो. ती १५८२ मध्ये वारली. हे चित्र तिच्याच शिकवणुकीवर काढलं असं मी म्हणत नाही, पण ज्या समाजात असं बोललं जात होतं त्याच समाजात हे काढलं गेलं.

पाणी विकणाऱ्याच्या पेल्यात अंजीर कशाला?

'सेव्हिलचा पाणीवाला' हे वेलास्केसचं तरुणपणचं चित्र, साधारण १६२० चं. फाटका अंगरखा घातलेला म्हातारा एका मुलाला काचेच्या पेल्यात पाणी देतो आहे आणि पेल्याच्या तळाशी अंजीर आहे. पाण्याला वास आणि गोडवा यावा म्हणून ते टाकत असावेत असं मानतात. आपल्याकडे माठात वाळा टाकतात, तसंच.

अगदी पुढे मोठा रांजण आहे, इतका पुढे की त्याचं पोट आपल्या पोटाला लागेल. त्यावरून पाण्याचे थेंब ओघळले आहेत. बिनझिलईच्या मातीतून पाणी पाझरतं, हवेत उडतं आणि आतलं पाणी गार होतं. आपला माठ ज्या तत्त्वावर चालतो तेच. त्या थेंबांत पाण्याचा गारवा रंगवला आहे.

मराठी वाचकाला या चित्राचा पुढचा प्रवास सांगायलाच हवा. नेपोलियनचा भाऊ जोसेफ स्पेनचा राजा असताना राजसंग्रहातली चित्रं घेऊन पळत होता. १८१३ मध्ये व्हितोरियाच्या लढाईनंतर त्याचं सामान वेलिंग्टनच्या हाती पडलं आणि त्यात हा पाणीवाला होता. पुढे स्पेनच्या राजाने ती चित्रं वेलिंग्टनला ठेवून घ्यायला सांगितली, म्हणून ते आजही लंडनला त्याच्या ॲप्सली हाउस या घरात आहे. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढाई जिंकली.

सुर्बारानच्या त्या चार भांड्यांत एवढं काय आहे?

फ्रान्सिस्को दे सुर्बारान (१५९८–१६६४) हा प्रामुख्याने साधुसंतांचा चित्रकार. त्याचं साधारण १६५० चं एक छोटं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. कठड्यावर चार भांडी, एका ओळीत. डावीकडे सोन्याचा मुलामा दिलेला पेला, मग पांढरा कुंजा, मग तांबूस मातीचा कलश, मग पुन्हा पांढरा कुंजा. दोन्ही टोकांच्या भांड्यांखाली जस्तासारख्या करड्या धातूच्या ताटल्या. बाकी काही नाही. फूल नाही, फळ नाही, एकही वस्तू दुसरीला झाकत नाही.

पहिल्यांदा पाहताना मला ते अगदी शाळकरी वाटलं होतं. ओळीने मांडायचं, ही काय रचना? परीक्षेत अशी मांडणी केली तर आम्ही गुण कापतो! मग एकदा मोठ्या छापील प्रतीवर प्रत्येक भांड्याच्या तोंडाचा लंबगोल मोजला आणि लक्षात आलं की सगळी भांडी एकाच डोळ्याच्या पातळीवरून पाहिलेली वाटत नाहीत. जणू चित्रकार प्रत्येक भांड्यासमोर वेगळा उभा राहिला, त्याला पूर्ण वेळ दिला आणि मग पुढच्याकडे गेला. त्या दिवसापासून मी मुलांच्या ओळींना जरा मायेने पाहते.

तांबूस कलशाला 'बूकारो' म्हणतात. ही सुगंधी माती, यातली बरीच भांडी मेक्सिकोहून यायची. पाणी ओतलं की पहिल्या पावसासारखा वास सुटायचा. श्रीमंत घरच्या बायका तर या मातीचे तुकडे चघळायच्या. वेलास्केसच्या १६५६ च्या 'लास मेनिनास'मध्ये राजकन्येपुढे दासी धरते तो लहानसा लाल कुंजा बूकारोच आहे.

आणखी एक गोष्ट. सेव्हिलमध्ये कॅनव्हासवर पहिला थर द्यायला तिथलीच चिकणमाती जवसाच्या तेलात कालवून वापरत. वेलास्केसचा गुरू आणि सासरा फ्रान्सिस्को पाचेको याने ही कृती लिहून ठेवली आहे. नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत कुंभार भांडी घडवत आणि अलीकडे चित्रकार तशाच मातीवर भांडी रंगवत. त्या चित्रांचा तपकिरी ऊबदारपणा बराचसा खालून येतो, मातीतून.

प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ असतो का? लिंबू म्हणजे अमुक, गुलाब म्हणजे तमुक?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याच बाबतीत इंटरनेटवर सर्वांत जास्त ठोकून दिलेलं असतं.

सुर्बारानचंच उदाहरण घेऊ. १६३३ चं हे चित्र कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. सही आणि साल असलेलं त्याचं हे एकमेव स्थिरचित्र. डावीकडे ताटलीत लिंबाच्या जातीची मोठी फळं, मध्ये संत्र्यांची टोपली आणि वर पांढरी फुलं, उजवीकडे चांदीच्या ताटलीत पाण्याचा पेला आणि गुलाब. तीन गट, वेदीवर ठेवल्यासारखे. गुलाब आणि स्वच्छ पाणी म्हणजे कुमारी मेरी, असं वाचन रूढ आहे. त्यात तथ्य असू शकतं, कारण हा धर्मचित्रांचा माणूस आणि त्याचे प्रेक्षक ही भाषा जाणणारे.

पण क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं की आधी तिथे गोड पदार्थाची एक ताटलीही होती. सुर्बारानने ती नंतर रंगाखाली झाकली. अर्थांचं कोडंच रचायचं असतं तर एक चिन्ह वाढलं म्हणून बिघडलं नसतं. मला वाटतं, ती ताटली शांततेच्या आड येत होती म्हणून गेली. माझा सल्ला असा : आधी पाच मिनिटं फक्त पाहा, सावल्या कुठे पडतात ते पाहा, मग अर्थ शोधा. जो अर्थ डोळ्यांनी पाहिलेल्याला धरून उभा राहतो तो ठेवा.

आणि कवट्या? घड्याळं, विझलेल्या मेणबत्त्या?

तो 'व्हानितास' हा वेगळा प्रकार. तिथे अर्थ उघडच असतो, सगळं नश्वर आहे. स्पेनमध्ये आंतोनियो दे पेरेदा आणि व्हाल्देस लेआल यांनी अशी चित्रं काढली. ती प्रभावी आहेत, पण मला कोबी जास्त बोलका वाटतो.

हॉलंडची स्थिरचित्रं यापेक्षा वेगळी कशी?

स्पेनमध्ये कोठी, तिकडे जेवणाचं टेबल. हार्लेम शहरात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे करड्या-तपकिरी रंगात अर्धवट संपलेलं जेवण मांडत. कलंडलेला पेला, सोललेल्या लिंबाची लोंबती साल, चुरगळलेला रुमाल. माणूस नुकताच उठून गेलाय असं वाटतं. कोतानच्या खिडकीत माणूस कधी आलाच नव्हता.

डच टेबलावर जग येऊन बसलेलं असतं आणि त्यात आपला किनाराही आहे. क्लासच्या १६२७ च्या, टर्कीचं 'पाय' (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) असलेल्या चित्रात (ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम) कागदाच्या पुडीत मिरी आहेत आणि चिनी निळं-पांढरं वाडगंही. या वाडग्यांची हौस तिथे कशी लागली? १६०२ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेलं 'साओ तियागो' हे पोर्तुगीज जहाज डचांनी वाटेत पकडलं, पुढच्या वर्षी 'सांता कातारिना' पकडलं, आणि त्यातला चिनी माल हॉलंडमध्ये विकला गेला. पोर्तुगीज 'कॅरॅक' जहाजांवरून त्या भांड्यांना 'क्राक' हे नाव पडल्याचं मानतात. डचांनी १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यालाही वखार घातली.

अँटवर्पच्या क्लारा पीटर्सचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिच्या साधारण १६१५ च्या चित्रात चीजची चळत, बदाम आणि खारी बिस्किटं आहेत, ते हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. चांदीच्या सुरीच्या मुठीच्या कडेला तिचं नाव कोरलेलं आणि सुरईच्या धातूच्या झाकणात तिचा इवलासा चेहरा. स्त्रियांना नग्न देहाचा अभ्यास बंद होता, म्हणून मोठ्या ऐतिहासिक चित्रांचा रस्ताही बंद. टेबल मात्र उघडं होतं. २०१६ मध्ये प्रादोने तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, आणि एका स्त्री चित्रकाराला वाहिलेलं ते प्रादोचं पहिलंच प्रदर्शन होतं.

त्या काळी अशा चित्रांना मान होता का?

विकली जात, पण वरचा पाट मिळत नसे. १६३३ मध्ये चित्रकार विसेन्ते कार्दुचोने अशा हलक्या विषयांवर टीका केली. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये फेलिबियाँ या कलालेखकाने चित्रप्रकारांची उतरंड लावली. सर्वांत वर इतिहास आणि धर्म, सर्वांत खाली फळं-फुलं. पाचेकोने मात्र १६४९ मध्ये छापलेल्या ग्रंथात बोदेगोनची बाजू घेतली. आपला जावई काढतो तशी काढली तर त्यांना मान मिळायलाच हवा, असं त्याचं म्हणणं. सासऱ्याचं कौतुक म्हणून ते सोडून देऊ नका. जावई वेलास्केस होता.

भाज्या नासत नव्हत्या का? तैलरंग तर सावकाश वाळतात.

नासणार. म्हणून आधी अभ्यासचित्रं करून ठेवत आणि तोच नमुना पुन्हा वापरत. कोतानचा कार्डून एकाहून जास्त चित्रांत भेटतो. फुलांचे चित्रकार तर ऋतूंची वाट पाहत. थोरल्या यान ब्रुगेलने फुलं उमलतील तशी समोर ठेवून रंगवली, आणि एकाच फुलदाणीत वेगवेगळ्या महिन्यांची फुलं आली.

घरी करून बघायचं असेल तर काय करू?

बुटांचं मोठं खोकं घ्या, आडवं ठेवा, आतून काळा कागद लावा. खिडकीच्या बाजूला ठेवा म्हणजे उजेड डावीकडूनच येईल. खोलीतला दिवा बंद करा, दोन उजेड झाले की सावल्या भांडतात. वस्तू तीनच घ्या : एक धातूची, एक मातीची, एक भाजी. एखादी वस्तू कडेच्या थोडी बाहेर येऊ द्या.

कागद पांढरा ठेवू नका. जलरंग किंवा पोस्टर कलर असेल तर आधी मातकट तपकिरी हात फिरवा, सुकू द्या. मग फक्त उजेड आणि सावली, दोनच छटांत. रंग त्यानंतर. सर्वांत तेजस्वी ठिपका सर्वांत शेवटी, आणि एकच.

आणि चित्र होईपर्यंत ती भाजी स्वयंपाकाला नेऊ नका, असं घरात आधीच सांगून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीचं वांगं अर्ध्या चित्रात भरीत झालं होतं. तिने मग उरलेलं देठ रंगवलं आणि ते तिचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे.

ही चित्रं कुठे पाहता येतील?

माद्रिदला जाणाऱ्यांनी प्रादोत वेलास्केसच्या मोठ्या दालनातून थोडं बाहेर पडून सुर्बारानची भांडी शोधावीत, लोक त्यांच्यासमोरून सरळ निघून जातात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचं नशीब मोठं : कोतानचा कोबी आणि सुर्बारानची लिंबं एकमेकांपासून गाडीने काही तासांवर आहेत. लंडनमध्ये नॅशनल गॅलरी आणि ॲप्सली हाउस एका दिवसात होतात. प्रादो आणि राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळांवर चित्रं इतकी मोठी करून पाहता येतात की कुंचल्याचा फटकारा दिसतो.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रं आहेत. वर सांगितलेली चित्रं तिथे नाहीत, पण जुन्या तैलरंगाचा थर छापील कागदापेक्षा किती वेगळा दिसतो ते तिथे कळतं. मुलांना घेऊन जा, आणि चित्राच्या समोर नव्हे तर थोडं बाजूला उभं करा. उजेड तिरपा पडला की रंगाचे उंचवटे दिसू लागतात.